भर दुपारी गाणारा कीटक : सोनोरा वाळवंटातील अपाची सिकाडा

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या दक्षिण भागात जून महिन्याच्या मध्यावर दुपारचे तापमान ४३-४४ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. विदर्भातील किंवा पश्चिम राजस्थानातील वाचकांना हे आकडे परके वाटणार नाहीत. अशा वेळी पक्षी पानांच्या सावलीत चोच उघडी ठेवून बसलेले असतात, सरडे बिळात शिरलेले असतात आणि बहुतेक कीटक जमिनीच्या भेगांत किंवा सालीखाली दडलेले असतात. सारा परिसर निपचित पडलेला असताना काटेरी झुडपांमधून मात्र एक अखंड, कर्कश, तारेतून वीज सळसळावी तसा सूर ऐकू येत राहतो. हा सूर काढणारा कीटक म्हणजे अपाची सिकाडा. त्याचे शास्त्रीय नाव डायसेरोप्रोक्टा अपाची. लिंबूवर्गीय बागांमध्येही तो आढळत असल्याने तेथे त्याला ‘सिट्रस सिकाडा’ असेही म्हणतात.

वाळवंटी कीटकांविषयी आपण जे शिकतो आणि प्रशिक्षणवर्गांत शिकवतो, त्याचा सारांश असा असतो की, हे कीटक पाणी जपून जगतात. त्यांच्या अंगावर मेणाचा थर असतो, ते रात्री वावरतात, दिवसा जमिनीत शिरतात आणि विष्ठेतूनही पाणी जाऊ देत नाहीत. अपाची सिकाडा यातील जवळजवळ प्रत्येक नियम मोडतो. तो दिवसा, तेही सर्वांत तापलेल्या वेळी वावरतो आणि पाणी अक्षरशः उधळतो. तरीही तो तगून राहतो. ते कसे, हा प्रस्तुत पाठाचा पहिला विषय. दुसरा विषय अधिक व्यवहाराचा आहे. फळबागेत अशा कीटकाचा आवाज वाढला आणि कोवळ्या फांद्यांचे शेंडे वाळू लागले, तर फवारणी करावी काय? सिकाडा आपल्या देशातही आहेत, म्हणून हा प्रश्न परदेशापुरता राहत नाही.

ओळख

सिकाडा हा हेमिप्टेरा म्हणजे अर्धपंखी गणातील कीटक आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, उसावरील पाकोळी हे सारे त्याचे दूरचे भाऊबंद. या सर्वांचे तोंड टोचून रस शोषण्यासाठी बनलेले असते. चावून खाणारे जबडे त्यांना नसतात. मराठीत सिकाडाला अनेकदा ‘रातकिडा’ म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. रातकिडा हा नाकतोड्याच्या गणातला, पंखावर पंख घासून आवाज काढणारा आणि पाने कुरतडणारा कीटक आहे. सिकाडा पंख घासत नाही. नराच्या पोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या वळ्या असलेली एकेक पडदी असते. आतील स्नायू ती पडदी खेचतो आणि सोडतो. पत्र्याच्या डबीचे झाकण दाबून सोडल्यावर ‘टक्’ असा आवाज यावा तसा प्रत्येक खेचेला एक ठोका पडतो. हे ठोके इतक्या वेगाने पडतात की आपल्या कानाला सलग सूर भासतो. नराचे पोट बऱ्याच अंशी पोकळ असल्याने ते तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे आवाज वाढवते. मादीजवळ ही पडदी नसते.

अपाची सिकाडाचे शरीर साधारण २५ मिलिमीटर लांब, काळपट तपकिरी असून डोक्यामागे फिकट पिवळसर पट्टा असतो. पंख पारदर्शक असतात. विल्यम डेव्हिस या कीटक अभ्यासकाने १९२१ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

त्याचे घर असलेले सोनोरा वाळवंट अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना व कॅलिफोर्निया राज्यांत आणि मेक्सिकोच्या वायव्य भागात पसरले आहे. फिनिक्स शहरात वर्षाकाठी सुमारे १८० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो. मात्र हे वाळूच्या टेकड्यांचे ओसाड वाळवंट नव्हे. पालो वेर्दे, मेस्काइट, निवडुंग अशा काटेरी झाडाझुडपांनी ते भरलेले आहे. कोरड्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठाने वाळुंज व कॉटनवुडची झाडी असते. मराठीत ‘वाळवंट’ हा शब्द रुक्ष प्रदेशासाठी जसा वापरतात तसा चंद्रभागेच्या काठच्या वाळूसाठीही वापरतात. अपाची सिकाडाचे घर दोन्ही अर्थांनी वाळवंटच म्हणावे लागेल, कारण झुडपी माळ आणि नदीकाठची वाळू या दोहोंच्या संधीवर तो सर्वाधिक संख्येने आढळतो.

या झाडांपैकी दोन आपल्या ओळखीची आहेत. मेस्काइट ही आपल्याकडील विलायती बाभळीची सख्खी बहीण. एकोणिसाव्या शतकात जळणासाठी व उजाड जमीन झाकण्यासाठी तिची एक जात भारतात आणली गेली आणि पुढे तिने गुजरात, राजस्थानपासून तमिळनाडूपर्यंत काय केले हे सर्वज्ञात आहे. हिरव्या खोडाचा पालो वेर्दे हा, शोभेसाठी व कुंपणासाठी आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या पार्किन्सोनिया या काटेरी झाडाच्या कुळातला.

पाणी उधळून थंड राहणे

अपाची सिकाडा ऐन उन्हात कसा तगतो, हा प्रश्न जेम्स हीथ आणि पीटर विल्किन या संशोधकांनी १९७० साली त्याच्या तापमान-प्रतिसादांविषयीच्या शोधनिबंधात हाताळला. त्याचे उत्तर मात्र १९८७ नंतर एरिक टूलसन आणि नील हॅडली यांच्या कामातून स्पष्ट झाले. टूलसन न्यू मेक्सिको विद्यापीठात आणि हॅडली अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात होते. टूलसन यांच्या निबंधाच्या शीर्षकातच उष्ण वाळवंटाशी जुळवून घेण्यासाठी केलेली ‘पाण्याची उधळपट्टी’ असा आशय आहे. शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकात असा शब्द क्वचितच येतो.

हवेचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत या सिकाडाच्या अंगातून पाणी इतर कीटकांप्रमाणेच थोडे थोडे जाते. त्यापुढे मात्र पाणी जाण्याचा वेग एकाएकी वाढतो. वक्षाच्या व उदराच्या पाठीकडील कवचावर सूक्ष्म छिद्रे असतात. रक्तातील पाणी त्या छिद्रांपर्यंत आणून बाहेर सोडले जाते, ते वाऱ्याने उडते आणि जाताना अंगातील उष्णता घेऊन जाते. परिणामी कीटकाचे शरीर भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड राहते. हे केवळ मेण वितळून होणारे गळणे नाही. त्यासाठी कीटकाला ऊर्जा खर्च करावी लागते, असे टूलसन व हॅडली यांनी दाखवून दिले. थोडक्यात, ही गळती नसून घाम गाळण्याच्या जवळ जाणारी क्रिया आहे. कीटकांच्या जगात अशी क्रिया अत्यंत दुर्मिळ आहे.

यामागील भौतिकशास्त्र शेतकऱ्याला माहीत असलेलेच आहे. मातीचा माठ पाझरतो म्हणून त्यातील पाणी थंड राहते. चाळीस अंशांच्या जवळपास एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. हीच उष्णता ५७० ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास पुरेशी असते. म्हणजे थोडेसे पाणी उडाले तरी थंडावा मोठा मिळतो. अट एकच, हवा कोरडी हवी. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अकोल्याला चालतो आणि रत्नागिरीला निरुपयोगी ठरतो, त्याचे कारण हेच. हवा बाष्पाने भरलेली असेल तर सिकाडाच्या अंगावरील पाणी उडणार नाही आणि त्याचे तापमान हवेबरोबर चढेल. म्हणून ही युक्ती सोनोरासारख्या कोरड्या प्रदेशातच फळते. सह्याद्रीच्या दमट रानातील सिकाडाला ती फारशी उपयोगी पडणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? मादीला बोलावण्यासाठी नराला गावे लागते आणि गाणे म्हणजे शत्रूलाही पत्ता देणे. पक्षी आणि सिकाडाची शिकार करणाऱ्या मोठ्या गांधीलमाश्या हे त्याचे मुख्य शत्रू. ज्या तापमानात शत्रूंना सावली सोडवत नाही, त्या तापमानात गाता आले तर जीव वाचतो. संशोधकांनी भर दुपारच्या गाण्याचा अर्थ मुख्यतः असाच लावला आहे. गाताना स्नायूंमुळे अंगात आणखी उष्णता निर्माण होते, हेही येथे लक्षात घ्यावे. म्हणजे नराला उन्हाची आणि स्वतःची अशी दुहेरी उष्णता बाहेर टाकायची असते.

हे पाणी कोठून येते?

घाम गाळणारा कीटक तितकेच पाणी सतत पीत असला पाहिजे. पण जूनमध्ये सोनोरात ओढे कोरडे असतात आणि दवही पडत नाही. मग पाणी येते ते झाडातून.

झाडात दोन प्रकारच्या वाहिन्या असतात. रसवाहिन्यांतून पानांत तयार झालेली साखर खाली व इतरत्र जाते. जलवाहिन्यांतून मुळांनी घेतलेले पाणी वर चढते. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे रसवाहिनीतून शोषण करतात. तेथे साखर भरपूर असल्याने नको असलेली साखर ते चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. हाच तो चिकटा. त्यावर पुढे काळी बुरशी वाढते. संत्र्यावरील काळ्या माशीमुळे येणारी ‘कोळशी’ विदर्भातील बागाईतदारांच्या चांगल्याच परिचयाची आहे. सिकाडा मात्र जलवाहिनीला सोंड लावतो. तेथील रस जवळजवळ निव्वळ पाणी असतो. त्यात थोडे क्षार व अत्यल्प अमिनो आम्ले असतात, साखर नगण्य असते. म्हणून सिकाडाची विष्ठा पाण्यासारखी पातळ असते, चिकटत नाही, तिच्यावर काजळी धरत नाही. झाडाखाली उभे राहिल्यास अंगावर बारीक तुषार पडल्यासारखे वाटते. बागेत निदान करताना हा फरक उपयोगी पडतो : पाने चिकट व काळी असतील तर दोष सिकाडाचा नव्हे, मग वर कितीही आवाज येत असो.

जलवाहिनीतून पाणी पिणे सोपे नाही. रसवाहिनीतील रस दाबाखाली असतो, टोचले की तो आपोआप सोंडेत येतो. जलवाहिनीतील पाणी उलट ओढीखाली असते. पाने वरून ते खेचत असतात आणि कोरड्या प्रदेशातील झाडांत ही ओढ वातावरणाच्या दाबाच्या दहापटीहून अधिक असणे सामान्य आहे. त्या ओढीविरुद्ध पाणी आपल्याकडे खेचायचे तर पंप भक्कम हवा. सिकाडाचा चेहरा पुढून फुगीर व आडव्या खाचांचा दिसतो, तो या पंपाच्या स्नायूंमुळेच. एखाद्या मेलेल्या सिकाडाचे डोके भिंगाखाली धरून विद्यार्थ्यांना या खाचा दाखवल्या, तर धडा शब्दांपेक्षा लवकर समजतो.

निव्वळ पाण्यावर पोषण कसे होते, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर सिकाडाच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंत आहे. २००९ साली जॉन मॅककचन, नॅन्सी मोरान आणि सहकाऱ्यांनी अपाची सिकाडाच्याच प्रजातीतील डायसेरोप्रोक्टा सेमिसिंक्टा या अ‍ॅरिझोनातील जातीत ‘हॉजकिनिया’ नावाचा सहजीवी जिवाणू असल्याचे प्रसिद्ध केले. त्याची जनुकीय संहिता केवळ १ लाख ४४ हजार अक्षरांची आहे. त्या वेळी ज्ञात असलेल्या जिवाणूंत ती सर्वांत लहान ठरली. तुलनेसाठी, आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूची संहिता ४६ लाखांच्या घरात असते. हॉजकिनिया आणि ‘सल्सिया’ नावाचा दुसरा सहजीवी मिळून सिकाडाला अन्नातून न मिळणारी आवश्यक अमिनो आम्ले पुरवतात. एकाकडे जे बनवण्याची क्षमता नाही ते दुसरा बनवतो. एका कीटकाच्या पोटात चाललेली ही सहकारी संस्था म्हणावी लागेल आणि ती कोट्यवधी वर्षे तोट्यात गेलेली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. झाडाला पाणी मिळते तोवरच सिकाडा थंड राहू शकतो. त्याचा कूलर झाडाच्या मुळांना जोडलेला आहे आणि मुळे भूजलाला. मेस्काइटची मुळे किती खोल जातात, याची एक नोंद १९६३ साली प्रसिद्ध झाली : टूसॉन शहराजवळील एका उघड्या खाणीत अशी मुळे सुमारे ५३ मीटर खोलीवर सापडली. म्हणजे भर दुपारी फांदीवर गाणाऱ्या कीटकाच्या पाठीवरून उडणारे पाणी कदाचित कित्येक पुरुष खोलीवरून आलेले असते. पण टूसॉनच्याच दक्षिणेस सांताक्रूझ नदीकाठी एके काळी मेस्काइटचे जे प्रचंड जंगल होते, ते विसाव्या शतकात लाकूडतोडीने आणि उपशामुळे भूजल खाली गेल्याने नष्ट झाले. ५३ मीटर जाऊ शकणारी मुळेसुद्धा वेगाने खाली पळणाऱ्या पाण्याचा पाठलाग करू शकली नाहीत. बोअरवेलची खोली दर काही वर्षांनी वाढवत राहणाऱ्या गावांना यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही.

जमिनीखालील वर्षे

मादी आपल्या करवतीसारख्या अंडनिक्षेपकाने बारीक फांद्यांत चिरा पाडून अंडी घालते. काही आठवड्यांत पिल्ले बाहेर येऊन जमिनीवर पडतात, मातीत शिरतात आणि मुळांच्या जलवाहिन्यांतून रस पीत वाढतात. पिल्लांच्या पाच अवस्था असतात. या जातीचा जमिनीखालील काळ तीन ते चार वर्षांचा असावा असा अंदाज आहे. पूर्व अमेरिकेतील १३ व १७ वर्षांनी एकदम निघणाऱ्या सिकाडांप्रमाणे येथे एकाच वर्षी सारी पिढी बाहेर येत नाही. वेगवेगळ्या वयाची पिल्ले एकाच जमिनीत असल्याने प्रौढ दर उन्हाळ्यात दिसतात. पूर्ण वाढलेले पिल्लू रात्री बाहेर येऊन खोडावर चढते, पाठीवर कात फाटते आणि पंखांचा प्रौढ बाहेर पडतो. रिकामी कात खोडाला तशीच घट्ट चिकटून राहते. सोनोरातील पावसाळा जुलैत येतो, त्यामुळे सिकाडा गाऊ लागला की पाऊस जवळ आला असे तेथील लोक मानतात. आपल्याकडे पावशाच्या ‘पेरते व्हा’ला जे स्थान आहे, तेच तेथे याला आहे.

फळबागेतील नुकसान : किती आणि कोणते

प्रौढांनी व पिल्लांनी रस शोषल्याने मोठ्या झाडाचे डोळ्यांत भरेल असे नुकसान सहसा होत नाही. दिसणारे नुकसान होते ते अंडी घालताना. पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून बारीक फांदीवर मादी एकापुढे एक चिरा पाडते. त्या ठिकाणी लाकडाचे तंतू फाटून वर येतात. चिरांच्या पुढचा शेंडा वाळतो आणि हिरव्या झाडावर तपकिरी झुपके लोंबू लागतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला ही हलकी छाटणी समजावी. एक-दोन वर्षांच्या कलमाला मात्र मुख्य फांदीच गमवावी लागू शकते.

येथेच चुकीच्या निदानाचा धोका आहे. संत्रा-मोसंबीत शेंडे वाळण्याची कारणे अनेक आहेत. शेंडेमर, डिंक्या, मुळकूज, पाण्याचा निचरा न होणे, अन्नद्रव्यांची कमतरता यांपैकी बहुतेक कारणांत संपूर्ण फांदी किंवा झाडाची एक बाजू हळूहळू निस्तेज होत जाते, पाने पिवळी पडतात. सिकाडामुळे वाळलेला शेंडा एकदम वाळतो, त्याखालील पाने निरोगी राहतात आणि वाळलेल्या व हिरव्या भागाच्या सीमेवर चिरांची रांग स्पष्ट दिसते. फांदी तेथून मोडून पाहावी, उभी चिरून पाहावी. आत तांदळाच्या बारीक कणीसारखी पांढरी अंडी किंवा त्यांच्या रिकाम्या खोबणी दिसतील. त्या दिसल्या नाहीत तर कारण अन्यत्र शोधावे. मोठ्याने ओरडणारा कीटक चटकन आरोपी ठरतो आणि जमिनीतील बुरशी चुपचाप आपले काम करीत राहते.

सिकाडासाठी कीटकनाशकाची फवारणी हा उपाय सहसा सुचवला जात नाही. प्रौढ चांगले उडणारे असतात, आज मेले तर उद्या शेजारच्या झुडपांतून दुसरे येतात. फवारणीने परभक्षक कीटक मात्र मरतात आणि काळी माशी, कोळी यांना रान मोकळे मिळते. लहान कलमांवर प्रौढांच्या हंगामापुरती एक सेंटिमीटरहून बारीक छिद्रांची जाळी घालणे, नव्या बागेची लागण त्या हंगामानंतर करणे आणि अंडी असलेले शेंडे पिल्ले निघण्यापूर्वी छाटून नष्ट करणे, एवढे पुरेसे होते. मोठ्या बागेत काहीही न करणे हाही एक निर्णय आहे आणि बहुधा तोच योग्य असतो. शेतकऱ्याला तो पटवणे हे विस्तार कार्यकर्त्याचे सर्वांत अवघड काम, हे प्रस्तुत लेखक जाणून आहे.

मात्र यावरून सिकाडा सर्वत्र निरुपद्रवी असतात असा निष्कर्ष काढू नये. ब्राझीलमधील कॉफीच्या मळ्यांत सिकाडाची पिल्ले मुळांवर मोठ्या संख्येने वाढून झाडे खालावतात. इराणमधील द्राक्षबागांत एक सिकाडा महत्त्वाची कीड मानला जातो. ऑस्ट्रेलियात उसावर उपद्रव देणाऱ्या जाती आहेत. सर्वांत बोलके उदाहरण याच सोनोरा वाळवंटातील आहे. मेक्सिकोतील काबोर्का भागात झुडपी जमिनीवर सिंचनाखाली शतावरीच्या कुळातील अ‍ॅस्परॅगसची मोठी लागवड झाली आणि अपाची सिकाडाचाच नातेवाईक असलेला डायसेरोप्रोक्टा ओर्निआ तेथे त्या पिकाची कीड बनला. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. हे पीक बहुवर्षायू आहे, जमीन वर्षानुवर्षे नांगरली जात नाही आणि मुळांना बारमाही पाणी असते. तीन-चार वर्षे मातीत काढणाऱ्या पिल्लाला याहून अनुकूल जागा कोणती? दरवर्षी नांगरट होणाऱ्या ज्वारी-कापसाच्या रानात त्याचे जीवनचक्र पुरेच होत नाही. बहुवर्षायू पिके, ठिबक सिंचन आणि शून्य मशागत यांचे क्षेत्र वाढत असताना मुळांवर दीर्घकाळ राहणाऱ्या किडींकडे आपल्याकडेही अधिक लक्ष द्यावे लागेल, असे वाटते.

झाऊची झाडी आणि गप्प झालेले काठ

अपाची सिकाडाचा सर्वांत मोठा शत्रू पक्षी किंवा गांधीलमाशी नसून एक झाड आहे, आणि ते आपल्या बाजूच्या जगातून तेथे गेले. झाऊ म्हणजे टॅमरिक्स ही आशिया-युरोपातील झुडपे एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी, वाराविरोधी पट्ट्यांसाठी आणि जमिनीची धूप थांबवण्यासाठी अमेरिकेत नेण्यात आली. कोलोरॅडो, गिला, रिओ ग्रांदे या नद्यांच्या काठी ती दाट पसरली. धरणांमुळे नैसर्गिक पूर थांबले, त्यामुळे पुराच्या गाळात रुजणाऱ्या कॉटनवुड व वाळुंजाची नवी रोपे येईनाशी झाली आणि झाऊला मैदान मिळाले.

एलिंगसन व अँडरसन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपाची सिकाडाची संख्या आणि यजमान झाडे यांचा संबंध तपासला. स्थानिक झाडी असलेल्या ठिकाणांच्या तुलनेत झाऊच्या आक्रमणाचा सिकाडावर प्रतिकूल परिणाम होत असल्याचे पुरावे त्यांना मिळाले. याची झळ पुढे पक्ष्यांना बसते. कोलोरॅडो नदीच्या खालच्या भागात सिकाडा निघण्याचा काळ हा पक्ष्यांसाठी वर्षातील अन्नाचा सुकाळ असतो, हे १९८२ साली तेथील संशोधकांनी दाखवले होते. पिवळ्या चोचीचा कोकीळ तेथे पिल्लांना भरवण्यासाठी मोठ्या कीटकांवर, त्यांत सिकाडावरही, अवलंबून असतो. त्याच्या पश्चिमेकडील समूहाला २०१४ साली अमेरिकेत संकटग्रस्त म्हणून कायदेशीर संरक्षण द्यावे लागले. त्यामागे मुख्य कारण नदीकाठच्या झाडीचा नाश हे होते.

मग झाऊ काढून टाकावी, हे साधे उत्तर झाले. २००१ सालापासून झाऊची पाने खाणारे भुंगेरे आशियातून आणून तेथे सोडण्यात आले. त्यांनी काम चोख केले. परंतु दरम्यान स्थानिक झाडी उरली नव्हती म्हणून एका दुर्मिळ माशीमार पक्ष्याने झाऊतच घरटी करण्यास सुरुवात केली होती. भुंगेऱ्यांनी पाने उतरवली की घरटी उघडी पडू लागली. अखेरीस २०१० साली अमेरिकेच्या कृषी खात्याने हा सोडण्याचा कार्यक्रम थांबवला. विलायती बाभूळ निर्मूलनाच्या योजना आखणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. झाड काढण्यापूर्वी त्या जागी काय उभे राहणार आहे, जळणासाठी व शेळ्यांसाठी त्यावर कोण अवलंबून आहे, हे आधी ठरवावे लागते.

मातीच्या दृष्टीनेही सिकाडाचे मोल आहे. तीन-चार वर्षे मुळांतून घेतलेले नत्र तो अंगात साठवतो आणि प्रौढ होऊन मेल्यावर ते जमिनीच्या पृष्ठभागावर परत देतो. पूर्व अमेरिकेतील जंगलांत लुई यांग यांनी २००४ साली दाखवले की, मेलेल्या सिकाडांमुळे मातीतील सूक्ष्मजीव व उपलब्ध नत्र वाढते आणि तेथील एका वनस्पतीचे बी अधिक मोठे भरते. पिलांच्या बिळांतून हवा व पाणी खाली जाते, ते वेगळेच.

आपल्या शिवारात नोंद कशी ठेवावी

भारत, भूतान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका येथील सिकाडांची तपशीलवार सूची बेंजामिन प्राइस, कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केली. तिचे स्वरूप तात्पुरते असल्याचे तिच्या नावातच नमूद आहे. मेघालयातील री-भोई जिल्ह्यात बांबूच्या रानातून दर चार वर्षांनी एकदम निघणाऱ्या सिकाडाला २०१३ साली ‘क्रेमिस्टिका रिभोई’ हे शास्त्रीय नाव मिळाले. तेथील लोक मात्र त्याला पूर्वापार ओळखत आणि खात आले आहेत. कोरड्या झुडपी माळांवरील व फळबागांतील सिकाडांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. हे काम गावपातळीवर होण्यासारखे आहे आणि त्यासाठी उपकरण लागत नाही, कारण कीटक स्वतःच आपली सही खोडावर ठेवून जातो.

बागेतील किंवा बांधावरील दहा झाडे निवडावीत. त्यांत शक्यतो स्थानिक बाभूळ, विलायती बाभूळ, कडुनिंब व फळझाड अशा वेगवेगळ्या जाती असाव्यात. पहिला सूर ऐकू आल्याच्या दिवसापासून दर आठवड्याला एकदा जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत खोडावरील काती मोजून काढून घ्याव्यात, म्हणजे त्या पुन्हा मोजल्या जाणार नाहीत. कातीच्या शेपटीकडील टोकाखाली अंडनिक्षेपकाची उभी खूण असेल तर ती मादी, नसेल तर नर. त्यासाठी साधे भिंग पुरते. सोबत त्या दिवसाचे कमाल तापमान, गाण्याची सुरुवात व शेवट यांची वेळ आणि विहिरीतील पाण्याची पातळी लिहावी. शेंडे वाळलेले आढळल्यास झाडाचे वय, चिरांची रांग आहे की नाही आणि वाळलेल्या शेंड्यांची संख्या नोंदवावी. पूर्ण वाढलेली एक-दोन प्रौढ मेलेली सापडल्यास ती कागदी पुडीत, तारीख व जागा लिहून, सुकी ठेवावीत आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील पीक संरक्षण विषयतज्ज्ञाकडे द्यावीत. एका वर्षाच्या नोंदीवरून काही ठरवू नये. पिल्ले जमिनीत कित्येक वर्षे राहत असल्याने किमान चार उन्हाळ्यांची वही हाताशी असली, तरच चढउतार हवामानाचा की पिढीचा, हे कळू शकते.